थीफ: द डार्क प्रोजेक्ट – २५ वर्षे उलटून गेल्यावरही हा खेळ इतका का मानला जातो?

लपूनछपून खेळायच्या खेळांची, म्हणजे सगळे ज्याला स्टेल्थ म्हणतात त्या प्रकाराची, पायाभरणी मुख्यतः १९९८ या एका वर्षात झाली. वर्षाच्या आरंभी जपानमध्ये 'तेन्चू' आला, सप्टेंबरमध्ये 'मेटल गिअर सॉलिड' आला आणि वर्ष सरता सरता लुकिंग ग्लास स्टुडिओज या अमेरिकी कंपनीने 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' संगणकावर आणला. पहिल्या दोन्हींचे चाहते जगभर आहेत आणि ते असायलाच हवेत. पण एखादा नवा खेळ लपण्याच्या बाबतीत कितपत खरा उतरला आहे हे ठरवताना जाणकार ज्याच्याशी तो ताडून पाहतात, तो खेळ बहुतेक वेळा 'थीफ'च असतो. चित्रे जुनाट झाली, चेहरे ठोकळेबाज वाटू लागले, तलवारबाजी तर तेव्हाही अडखळतीच होती, तरीही त्याचे हे स्थान ढळलेले नाही. असे का, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधी मांडतो. या खेळात प्रकाश आणि आवाज यांचे जे नियम पहारेकऱ्याला लागू आहेत, तेच खेळाडूलाही लागू आहेत, आणि ते नियम खेळाडूपासून लपवून ठेवलेले नाहीत. त्याच्या इतर सगळ्या गुणांचे मूळ मला यातच दिसते.

पडद्याच्या तळाशी मध्यभागी एक मणी आहे. गॅरेट, म्हणजे ज्याच्या डोळ्यांतून आपण हे जग पाहतो तो चोर, उजेडात आला की मणी उजळतो आणि गडद सावलीत शिरला की काळवंडतो. आपण इतरांना किती दिसतो आहोत याची एवढी नेमकी आणि तत्काळ खूण त्याआधी क्वचितच एखाद्या खेळाने दिली असेल. दृष्टीला असा मणी आहे, पण आवाजाला काहीच नाही. तिथे आपले कान हेच साधन आहे. फरशीवर पाऊल वाजते, लोखंडी जाळीवर त्याहून जास्त खणखणते, लाकडावर मध्यम आवाज होतो, गालिचा आणि गवत पाऊल गिळून टाकतात. जो आवाज आपल्याला मोठा ऐकू आला तो पहारेकऱ्यालाही मोठाच ऐकू जातो, त्यामुळे आपण कितपत सुरक्षित आहोत हे सांगायला वेगळ्या मापकाची गरज पडत नाही.

लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात अशी वेळ वारंवार येते. ही प्रशिक्षणानंतरची पहिली मोहीम. तुम्ही कोपऱ्याआड सावलीत उभे आहात, पुढे फरशीचा लांब बोळ आहे आणि भिंतीवर मशाल जळते आहे. पहारेकरी दिसत नाही, पण त्याची टक टक वाजणारी पावले ऐकू येतात. ती एकदम दबतात, म्हणजे तो गालिच्यावर गेला. काही क्षणांनी पुन्हा टणक वाजू लागतात, म्हणजे तो परत फिरला. एवढ्यावरून त्याची येरझार किती लांबीची आहे, त्याची पाठ आपल्याकडे कधी असते आणि बोळ ओलांडायला आपल्याला किती अवकाश मिळतो, हे सगळे न पाहता कळते. आता पाण्याचा बाण सोडून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून फरशी मऊ करायची, की काहीही खर्च न करता त्याच्या पावलांच्या तालावर आपली पावले टाकत मागून निघून जायचे, हे आपण ठरवायचे. यांपैकी कोणताही मार्ग खेळ सुचवत नाही आणि कोणताही अडवत नाही.

हे साधले आहे ते आवाजाच्या मांडणीमुळे. प्रत्येक मोहिमेची जागा खोल्याखोल्यांत विभागलेली आहे आणि कोणती खोली कोणत्या दारातून कोणत्या खोलीला जोडलेली आहे याची खेळाला माहिती आहे. आवाज भिंतीतून सरळ रेषेत येत नाही. तो दारांतून, जिन्यांवरून, बोळांतून वळसे घेत येतो आणि वाटेत क्षीण होत जातो. दार बंद असेल तर अडतो, उघडले की एकदम स्पष्ट होतो. म्हणूनच बंद दाराला टेकून कान देण्याला या खेळात अर्थ आहे. आजच्या अनेक महागड्या खेळांतसुद्धा पलीकडच्या दालनातला माणूस आपल्या कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो, तेव्हा या मांडणीची किंमत कळते.

पहारेकऱ्यांच्या नजरेचेही तसेच आहे. मुख्य प्रोग्रामर टॉम लेनर्ड यांनी या व्यवस्थेविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. पहारेकऱ्याच्या नजरेचा एकच शंकू नसून एकात एक बसवलेले अनेक शंकू असतात: समोरचे नीट दिसते, कडेचे अंधूक दिसते पण तिथली हालचाल जाणवते. खेळाडू किती दिसतो हे त्याच्यावर पडलेला उजेड, त्याची हालचाल आणि तो कितपत उघड्यावर आहे यांवरून ठरते. याचा परिणाम 'दिसला' किंवा 'नाही दिसला' इतका दोन टोकांचा होत नाही; मधल्या पायऱ्या आहेत. आधी शंका येते, मग खात्री होत जाते, मग तो शोधायला निघतो. आणि प्रत्येक पायरीवर पहारेकरी मोठ्याने बोलतो. काहीतरी ऐकल्यासारखे वाटले म्हणतो, थोडे शोधतो, बहुधा काही नसेल असे पुटपुटत आपल्या जागी परततो. हे बोलणे काहींना नाटकी वाटते, पण त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे सांगायचा त्याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही. डोक्यावर उद्गारचिन्ह न दाखवता, पडद्यावर पट्टी न भरता, खेळाडूला सगळे कळते आणि जगाचा भासही मोडत नाही.

या सगळ्याला धार येते ती गॅरेटच्या दुबळेपणामुळे. तलवार आहे, धनुष्य आहे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की निभाव लागणे कठीण असते. मागून सोट्याचा एक तडाखा देऊन बेशुद्ध करणे हेच त्याचे खरे हत्यार, आणि तेही समोरचा सावध झाला की बहुतेक वाया जाते. आधी चाललेला एक विचार तर 'डार्क कॅमेलॉट' नावाच्या तलवारबाजीच्या खेळाचा होता. त्यातून वाट बदलत बदलत ही मंडळी चोरापर्यंत पोहोचली आणि लढाई हे साधन जाणूनबुजून कमकुवत ठेवायचे धैर्य त्यांनी दाखवले. त्या काळात 'क्वेक' आणि 'हाफ-लाइफ' या गोळीबाराच्या खेळांचा दबदबा होता, हे लक्षात घेतले म्हणजे तो निर्णय किती अवघड होता ते कळेल.

जाणकारांनी आपली मते मांडावीत. विरोधी मते तर अवश्य मांडावीत.

प्रतिसाद १

आवाजाचा मुद्दा अगदी योग्य आहे, त्यात एक भर घालते. या खेळात आवाज हे पहारेकऱ्यांमधल्या निरोपाचेही माध्यम आहे. एक पहारेकरी मदतीसाठी ओरडला तर दुसऱ्याला ती बातमी आपोआप कळत नाही. ती हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचली तरच तो धावून येतो. हाकेच्या ध्वनीला तिचा अर्थ जोडलेला असतो आणि तो ध्वनी दारांतून, बोळांतून वाट काढत जातो. म्हणून एखाद्याला जाड दाराआड गाठले तर त्याचे ओरडणे व्यर्थ ठरते, आणि जिन्याच्या उघड्या तोंडाशी गाठले तर अख्खा मजला जागा होतो. हे कुठेही लिहून सांगितलेले नाही, पण खेळता खेळता आपण ते शिकतो आणि मग दारे लोटून घ्यायची सवयच लागते.

दुसरे म्हणजे एरिक ब्रोशस यांनी रचलेली पार्श्वभूमी. तिला संगीत म्हणावे की वातावरण, हे ठरवणे कठीण आहे. सलग चाल अशी फारशी नाही. घुमणारे, आवर्तने घेणारे खर्जातले ध्वनी आहेत, मध्येच लांबवर काहीतरी धातूवर आपटल्यासारखे वाटते. त्यातली संयमाची बाजू फार महत्त्वाची आहे, कारण पार्श्वसंगीताने पावलांचा आवाज झाकला असता तर सगळा खेळच बिघडला असता. शांततेला जागा सोडून भीती उभी करणे हे काम सोपे नाही.

पुढच्या काळात आवाजाकडे इतक्या गंभीरपणे पाहणारा दुसरा मोठा खेळ मला २००५ चा 'स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी' वाटतो. त्यात आपला आवाज आणि भोवतालचा गोंगाट यांची तुलना दाखवणारा मापक आहे: यंत्र घरघरत असेल तर त्याच्या आडोशाने जरा वेगाने चालता येते. कल्पना अतिशय उत्तम आहे. तरीही मापकाकडे पाहणे आणि कान देऊन ऐकणे यांत फरक उरतोच. एकात नजर पडद्याच्या कोपऱ्यात जाते, दुसऱ्यात आपण त्या बोळातच राहतो.

प्रतिसाद २

मी धागाकर्त्यांशी अर्धाच सहमत आहे. बॅफर्डचा वाडा, 'असॅसिन्स', कॉन्स्टंटाइनची हवेली या मोहिमांना आपले विवेचन तंतोतंत लागू पडते. पण खेळ म्हणजे एवढेच नाही. दुसऱ्याच मोहिमेत, क्रॅग्जक्लेफ्टच्या तुरुंगाकडे जाताना, खाणीतून चालती प्रेते भेटतात. 'बोनहोर्ड'मध्ये तर थडग्यांचे जाळेच आहे. ही प्रेते सोट्याने बेशुद्ध होत नाहीत, तलवारीने पाडली तरी पुन्हा उठतात. त्यांना संपवायला मंतरलेले पाणी किंवा अग्निबाण लागतो. त्यांना बोलणे नाही, त्यामुळे त्यांच्या मनात शंका आहे की खात्री हेही कळत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे नियम या ज्या न्यायाचे आपण कौतुक केले तो अशा मोहिमांत बराच पातळ होतो. 'लॉस्ट सिटी' ही मोहीम मला तर भूलभुलैयाची परीक्षा वाटते. चोरीशी तिचा फारसा संबंध नाही.

शिवाय, न्यायाचाच प्रश्न असेल तर 'मेटल गिअर सॉलिड' कमी पडत नाही. त्यातला रडार प्रत्येक पहारेकऱ्याच्या नजरेचा त्रिकोण स्पष्ट दाखवतो. बर्फात उमटलेल्या पावलांचा माग पहारेकरी काढतात, डबक्यात पाय पडला तर त्यांना ऐकू जाते, भिंतीवर ठोकून त्यांना बोलावता येते. नियम तिथेही उघडेच आहेत, आणि गोष्ट, पात्रे, प्रत्येक म्होरक्याशी होणारी वेगळ्या प्रकारची लढत हे सगळे त्यावर वरताण. मग न्यायाचे श्रेय एकट्या 'थीफ'ला का द्यावे?

धागाकर्त्याचे उत्तर

दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

प्रेतांच्या मोहिमांविषयी आपला आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. निर्मात्यांना निव्वळ चोरीवर अख्खा खेळ पेलेल याची खात्री नव्हती, हे त्या मोहिमांत स्पष्ट दिसते. राक्षस, भुते, पुरातन भुयारे ही त्या काळच्या खेळांची ठरलेली सामग्री त्यांनी हाताशी ठेवली. २००० च्या मार्चमध्ये आलेल्या 'थीफ २: द मेटल एज'मध्ये ती जवळजवळ काढून टाकून बँका, हवेल्या, कचेऱ्या यांवर भर दिला, तोही बहुधा याच विचाराने. पण 'रिटर्न टू द कॅथीड्रल' या मोहिमेला मी या आक्षेपातून वगळेन. तिथले हॉन्ट, म्हणजे मेलेल्या हॅमराइट धर्मसैनिकांची भुते, साखळ्यांचा किणकिणाट आणि अखंड कुजबुज करत फिरतात. ते कुठे आहेत हे कळते ते याच कुजबुजीवरून. ऐकण्याचा जो नियम बॅफर्डच्या बोळात आपल्या मदतीला येतो, तोच इथे अंगावर काटा आणतो, कारण जे टाळायचे आहे तेच लक्ष देऊन ऐकत राहावे लागते. नियम एकच ठेवून त्यातून इतका वेगळा अनुभव काढणे हे मला फार मोठे यश वाटते.

'मेटल गिअर सॉलिड'च्या थोरवीविषयी वाद नाही. हिदेओ कोजिमा यांनी त्यात प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डवरचे इतर खेळ ओळखणारा आणि कंट्रोलर दुसऱ्या खोबणीत लावल्याशिवाय सहज न हरणारा सायको मँटिस हा म्होरक्या उभा केला, त्या कल्पकतेला तोड नाही. पण रडार हे ज्ञान फक्त खेळाडूला देतो, आणि तेही वरून. त्यातला नायक स्नेक सहसा रडारमध्ये पाहून चालतो, त्याच्या आजूबाजूच्या जागेत पाहून चालत नाही. गडबड उडाली की रडार बंद पडतो आणि आपण अचानक आंधळे होतो. ती कल्पना नाट्यपूर्ण आहे, पण त्यातूनच दिसते की आपले पाहणे आणि पहारेकऱ्याचे पाहणे तिथे दोन वेगळ्या पातळ्यांवर आहे. 'थीफ'मध्ये दोघेही एकाच उंचीवर, एकाच अंधारात उभे असतात. मला हा फरक मूलभूत वाटतो.

लेनर्ड यांच्या लिखाणातली एक बारीक गोष्ट इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. खेळाडू नजरेआड झाल्यावर थोडा वेळ पहारेकऱ्याला त्याच्या खऱ्या ठावठिकाण्याचे ज्ञान फुकट मिळत राहते. तो डावीकडे पळाला म्हणजे डावीकडच्या दारामागे असेल, असा तर्क शिकवणे अवघड, म्हणून त्याऐवजी हे थोडेसे फुकटचे ज्ञान. काटेकोरपणे पाहिले तर हा न्यायाला अपवाद झाला. पण तो इतका थोडका आणि इतका माणसासारखा दिसणारा आहे की खेळताना अन्याय झाल्यासारखे वाटत नाही. कोपऱ्यावरून वळलेला चोर कुठे गेला असेल याचा अंदाज कोणत्याही शहाण्या पहारेकऱ्याने केलाच असता.

प्रतिसाद ३

इतक्या चांगल्या चर्चेत काठिण्यपातळ्यांचा विषय राहून जाऊ नये. बहुतेक खेळांत पातळी वाढवली की शत्रू जास्त मार सोसू शकतात आणि आपण कमी, एवढाच फरक पडतो. 'थीफ'मध्ये पातळी वाढवली की मुख्यतः आपल्याकडून असलेली अपेक्षा वाढते. जास्त लूट गोळा करावी लागते, नवी उद्दिष्टे येतात, आणि एक्सपर्ट या सर्वांत वरच्या पातळीवर बहुतेक मोहिमांत माणूस मारण्याला सक्त मनाई असते. एकाचा जरी जीव गेला तरी मोहीम फसली. त्यामुळे तोच वाडा दुसऱ्यांदा खेळताना नवा होतो: आधी ज्या खोल्या आपण ओलांडून गेलो होतो तिथे आता लुटीसाठी शिरावे लागते आणि जो पहारेकरी बाणाने टिपला होता त्याला आता चुकवावे लागते.

या मनाईमागे उपदेश नाही. गॅरेटला आपल्या कसबाचा अभिमान आहे, आणि खून हे त्याच्या मते कच्च्या कारागिराचे काम. स्टीफन रसेल यांनी त्याला दिलेला आवाज थकलेला, कोरडा आणि तरीही आत कुठेतरी काळजी असलेला आहे. त्या आवाजातून ही भूमिका पटते. पुढच्या अनेक खेळांनी न मारता खेळण्याला पदक किंवा वेगळा शेवट जोडला. इथे ती मोहिमेची अट आहे आणि पात्राचा स्वभावही आहे.

लुटीचा हिशोबही विचारपूर्वक केलेला आहे. एका मोहिमेत मिळवलेला पैसा पुढच्या मोहिमेच्या आधी बाण, सुरुंग, औषधे यांवर खर्च करायचा. उरला तर तो पुढे जात नाही. साठवून श्रीमंत होण्याची सोय नसल्याने गॅरेट शेवटपर्यंत गरजूच राहतो आणि खेळाची धार शेवटपर्यंत बोथट होत नाही.

प्रतिसाद ४

वास्तुरचनेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. या खेळातले नकाशे हाताने काढल्यासारखे, अपुरे आणि ठिकठिकाणी मोकळे असतात. आपण कोणत्या भागात आहोत एवढेच ढोबळ कळते. पुढचे दार कुठे नेईल ते नकाशा सांगत नाही. कारण तो कुणातरी खबऱ्याने दिलेला आहे, आणि खबऱ्याला जेवढे माहीत तेवढेच त्यात आले आहे. म्हणून खेळाडू पाट्या वाचतो, नोकरांचे बोलणे ऐकतो, टेबलावरची पत्रे उघडतो आणि इमारतीचा आराखडा आपल्या मनात तयार करतो. हल्लीच्या खेळांत पडद्यावर बाण दाखवून आपल्याला ठिकाणापर्यंत बोट धरून नेले जाते, आणि मग ती इमारत लक्षात राहत नाही. 'थीफ'मधली हवेली माणसाला अनेक वर्षांनंतरही पाठ असते.

कॉन्स्टंटाइनच्या हवेलीचा नकाशा तर आतून जवळजवळ कोराच आहे. खालचे मजले सरळसाधे, पाहुण्यांना दाखवण्याजोगे. वर जाऊ लागलो की बोळ तिरके होतात, एका ठिकाणी खोलीच उलटी टांगलेली आहे, आणखी कुठे सगळे इतके मोठे आहे की आपण उंदराएवढे झालो असे वाटते. घरमालकाविषयी कुणी एक वाक्यही न बोलता तो काय चीज आहे याचा संशय या भिंती पेरतात. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी यापुढे लिहीत नाही.

दोराच्या बाणाचाही उल्लेख हवा. तो लाकडात कुठेही रुततो. कुठेही, हे महत्त्वाचे. तुळई दिसली, लाकडी छत दिसले की तिथे दोर सोडता येतो आणि रचनाकाराच्या मनात नसलेली वाट सापडू शकते. २०१४ साली याच नावाने नवा खेळ आला तेव्हा त्यात दोराचे बाण ठरवून दिलेल्या जागीच लागत आणि मनाला येईल तिथे उडीही मारता येत नसे. देखावा कितीतरी सुंदर झाला होता. जुने चाहते मात्र नाराज झाले, आणि त्यांची नाराजी हट्टातून आलेली नव्हती: जागेवरचा हक्क काढून घेतल्यावर चोराकडे उरते काय?

प्रतिसाद ५

कौतुक वाचून आनंद झाला, पण कधीही सेव्ह करता येण्याची सोय या खेळाला मारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कोपऱ्यावर जायच्या आधी सेव्ह करा, पकडले गेलात की पुन्हा तिथूनच सुरू करा, यात ताण कसला उरतो? आणखी एक उणीव: मशाल विझली तरी पहारेकऱ्याला काहीच खटकत नाही. जो प्रकाशाला इतका जागरूक आहे, त्याला अख्खा बोळ अंधारात बुडाल्याचे कळू नये, हे धागाकर्त्यांच्या सिद्धान्ताला छेद देणारे आहे.

प्रतिसाद १ च्या लेखिकेकडून

मशालीचा मुद्दा खरा आहे आणि तो या खेळातला सर्वांत मोठा सैलपणा मानायला हवा. सेव्हबाबत मात्र मला असे वाटते की ती सोय नसती तर खेळाडूंनी एवढे प्रयोग केलेच नसते. पकडले जाणे म्हणजे अर्धा तास वाया जाणे असेल तर माणूस एकच सुरक्षित वाट धरतो. आणि ज्यांना ताण हवा होता त्यांनी तो आपल्यापुरता स्वतः वाढवून घेतला. चाहत्यांमध्ये घोस्ट नावाची एक पद्धत रूढ आहे: कुणालाही आपली चाहूल लागू द्यायची नाही, कुणाला इजा करायची नाही, आणि चोरलेल्या वस्तूंखेरीज आपण येऊन गेल्याची खूण मागे ठेवायची नाही. तिच्या अधिक कडक रूपात मशाल विझवणेही बसत नाही, म्हणजे आपण दाखवलेला सैलपणा त्या मंडळींनी आपल्या नियमांनी भरून काढला आहे. खेळाची बैठक भक्कम असल्याशिवाय लोक तिच्यावर असे कडक नियम चढवत नाहीत.

प्रतिसाद ६

टिकण्याच्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर चाहत्यांच्या कामात आहे. लुकिंग ग्लास स्टुडिओज २००० च्या मे महिन्यात बंद पडली, 'थीफ २' बाजारात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. साधारणपणे अशा वेळी खेळ विस्मरणात जातो. पण मोहिमा रचण्याचे निर्मात्यांचे स्वतःचे साधन, ड्रोमएड, तोवर लोकांच्या हाती आले होते. ते वापरायला किचकट आहे, पण चिकाटीच्या लोकांनी ते आत्मसात केले आणि तेव्हापासून आजवर चाहत्यांनी रचलेल्या मोहिमांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. त्यांतल्या उत्तम मोहिमा मूळ खेळाच्या तोडीच्या आहेत, हे मी जबाबदारीने लिहितो.

२०१२ साली एका अनाम व्यक्तीने खेळाच्या एंजिनची, म्हणजे तो ज्यावर चालतो त्या मूळ प्रणालीची, सुधारलेली आवृत्ती सार्वजनिक केली. नवे संगणक, मोठे पडदे यांवर जुना खेळ नीट चालू लागला आणि मोहीम रचणाऱ्यांवरच्या अनेक तांत्रिक मर्यादा सैल झाल्या. दुसरीकडे, 'डूम ३'च्या एंजिनवर 'द डार्क मॉड' हा स्वतंत्र प्रकल्प २००९ मध्ये आला, २०१३ पासून तर तो 'डूम ३' जवळ नसतानाही विनामूल्य चालतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये, 'थीफ'ला २५ वर्षे झाली तेव्हा, 'द ब्लॅक परेड' ही १० मोहिमांची सलग मालिका चाहत्यांनी प्रसिद्ध केली. नवा नायक, नवी गोष्ट, पण कान देऊन खेळायची रीत तीच.

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी याचा संबंध असा: नियम सर्वांना सारखे आणि उघड असले की त्यांच्यावर दुसऱ्यालाही इमारत बांधता येते. गोष्टीच्या बळावर उभा असलेला खेळ परक्याच्या हातात दिला तर त्याची नक्कल तेवढी होते. इथे मात्र फरशी, गालिचा, मशाल आणि येरझार घालणारा पहारेकरी एवढ्यावर नवखा रचनाकारसुद्धा काहीतरी खरे निर्माण करू शकतो.

प्रतिसाद ७

मी 'डिसऑनर्ड' खेळून या प्रकाराकडे वळले आणि आता 'थीफ' खेळायची इच्छा आहे. 'डिसऑनर्ड'मध्ये उजेडापेक्षा आडोशाला महत्त्व होते आणि अडचण आली की क्षणात दूरच्या छपरावर जाण्याची जादू हाताशी होती. त्याची सवय झालेल्या व्यक्तीला हा खेळ फार संथ वाटेल का? आणि कोणत्या आवृत्तीपासून सुरुवात करावी?

धागाकर्त्याचे उत्तर

संथ वाटेल, आणि सुरुवातीचे काही तास त्याला वेळ द्यावा लागेल. 'डिसऑनर्ड'च्या निर्मात्यांवर 'थीफ'चा प्रभाव उघड दिसतो. त्याच्या दुसऱ्या भागात नायक कॉर्व्होला आवाज देणारे स्टीफन रसेल हे मूळचे गॅरेटच आहेत. पण तिथे तुमच्याकडे अलौकिक शक्ती आहे आणि इथे फक्त धीर आहे.

'थीफ गोल्ड' घ्यावा. ही १९९९ ची आवृत्ती असून तीत ३ मोहिमा जास्त आहेत. त्यांच्या दर्जाविषयी मतभेद आहेत. चोरांच्या टोळीच्या भुयारांची मोहीम मला स्वतःला कंटाळवाणी वाटते, ऑपेरागृहाची मात्र जरूर खेळावी. चाहत्यांनी तयार केलेली दुरुस्ती आधी बसवून घ्यावी, म्हणजे खेळ आजच्या संगणकावर अडखळणार नाही. स्पीकर नको, हेडफोनच वापरावा. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, यावर प्रत्येक निर्णय अवलंबून असतो. पातळी पहिल्यांदा हार्ड ठेवावी. नॉर्मलवर बरीच दालने न पाहताच मोहीम संपते, आणि एक्सपर्टची खुमारी वाडा ओळखीचा झाल्यावर जास्त कळते.

बॅफर्डच्या वाड्यात शिरण्यापूर्वी बाहेर दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजीविषयी गप्पा मारत उभे असतात. घाई न करता त्यांचे बोलणे पूर्ण ऐकावे. मोहीम झाली की इथे येऊन लिहा, विशेषतः आत शिरायला विहिरीची वाट सापडली की दुसरी कोणती, ते वाचायला आवडेल.